भानोल्याच्या भेगा

रत्नागिरीत भविष्य सांगणाऱ्यांना तोटा नाही. कोणी पत्रिका मांडतो, कोणी देवाला कौल लावतो, कोणी नुसतं मळभाकडे बघून यंदा आंबा किती धरेल ते छातीठोक सांगतो आणि सपशेल चुकतो. पण भविष्य ओव्हनमध्ये घालून खरपूस भाजून काढणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. हे मी थट्टेने सांगत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात लिंबू-मिरचीची टर उडवतो, आडवी जाणारी मांजर कशी आपल्या कामाला चाललेली असते ते मुलांना समजावतो, आणि दर रविवारी संध्याकाळी या गृहस्थांच्या स्वयंपाकघरात, दिवे मालवलेल्या अंधारात, ओव्हनच्या काचेकडे बघत नुसते हात जोडायचे बाकी ठेवून उभा राहतो. निदान परवापरवापर्यंत राहत होतो.

मामा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण जहाज काही त्यांच्या अंगातून उतरलेलं नाही. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, त्यांचं चिऱ्याचं घर आहे. ते घर जागचं हललेलं कोणाच्या ऐकिवात नाही, तरी मामांच्या स्वयंपाकघरातलं एकेक भांडं सुतळीने फळीला बांधलेलं. मिठाची बरणी हवी तर आधी गाठ सोडायची, मीठ घ्यायचं, परत गाठ मारायची. चहा कधी पूर्ण कप मिळणार नाही. ‘हेलकावा बसला तर सांडायचा,’ म्हणून अर्धाच. नवखा पाहुणा मनात म्हणतो, कोकणातला माणूस चिकट तो चिकटच. त्याला काय माहीत की हा चिकटपणा नाही, हा हिंदी महासागर आहे. पाखाडीच्या पायऱ्या मामा तोंड पायऱ्यांकडे करून, उलटे उतरतात. दुपारी झोपतात ते पलंगाच्या कडेला फळी लावून. आणि झोपेतून उठल्यावर पहिला प्रश्न, ‘वारा कुठला आहे?’ वारा कुठला का असेना, त्यावर घरात काहीही अवलंबून नसतं, पण मामी निमूटपणे सांगतात, ‘नैऋत्येचा,’ आणि मामा समाधानाने पायात चपला घालतात.

मात्र त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. जहाजावर ताटं मोजलेली असत. ‘सव्वीस माणसं म्हणजे सव्वीस,’ ते सांगतात. ‘सत्ताविसावा येणार कुठून? आणि सव्विसाचे पंचवीस झाले, तर मग जेवायचं कोणाला सुचतंय?’ हे शेवटचं वाक्य ते नेहमी हळू आवाजात म्हणतात, आणि पुढे काही विचारलं की उठून फळीवरच्या गाठी तपासायला लागतात. एकदा तसं झालं होतं म्हणे. कुठल्या समुद्रात, कोण गेला, हे त्यांनी मामींनासुद्धा सांगितलेलं नाही. फक्त एवढंच कळलं आहे की त्या दिवशी मामांनी सव्वीस ताटं वाढली होती आणि एक तसंच राहिलं. असा माणूस घरी येऊन बघतो, तर आज जेवायला किती जण हे घरात कोणालाच सांगता येत नाही. ‘येईल तो जेवेल,’ हा आपल्याकडचा हिशेब. मामांना तो हिशेब सोसवेना. त्यांचं लक्ष सारखं दाराकडे.

आणि मग त्यांना भानोलं सापडलं.

भानोलं हा खरा मामींच्या माहेरचा, अलिबागकडचा पदार्थ. बारीक चिरलेला कोबी, ओंजळभर कोलंबी, बेसन, नारळाचं घट्ट दूध, आलं-लसूण-मिरची, असं सगळं दाट कालवून टिनमध्ये थापायचं, वर हात सैल सोडून तेलाची धार धरायची आणि खालून-वरून भाजायचं. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, आता ओव्हन आहे. वरची बाजू तांबूस होते, कडा कुरकुरीत, आत मऊ. मी घाटावरचा माणूस, झुणका-भाकरीवर वाढलेला. पहिल्यांदा भानोलं खाल्लं त्या दिवशी लग्न केल्याचं सार्थक झालं असं मी बायकोला म्हणालो, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मामांच्या घरी याचा एक विधीच होता. दर रविवारी कालवायचं काम मामांचं, टिनमध्ये थापायचं मामींचं. तो गोल टिनही मामांनी जहाजावरून आणलेला, एका बाजूने चेपलेला. मामी थापून, वरून तेल सोडून टिन ओव्हनमध्ये ठेवत, तोवर मामा हातपाय धुवून देवाला दिवा लावून येत. मग स्वयंपाकघरातले दिवे बंद. ओव्हनच्या लालसर उजेडात मामा पाटावर बसत आणि काचेला जवळजवळ कान लावत. कोणी बोलायचं नाही. अर्धा तास गेला की आतून आवाज यायचा, टिक्. थोड्या वेळाने परत, टिक्. वरचा थर फुटत असायचा. मामांचे ओठ हलायचे. टिन बाहेर यायचा तेव्हा भानोल्यावर कडेपासून मधोमध आलेल्या भेगा असायच्या, आणि त्या भेगांवरून सुरी फिरवली की जितके तुकडे पडतील तितकीच माणसं त्या रात्री जेवायला. ना एक जास्त, ना एक कमी. त्यामुळे त्या घरात भात कधी आधी पडला नाही. मामी तांदूळ धुऊन बसलेल्या असायच्या. भात किती टाकू म्हणून विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, ‘थांब. भानोलं फुटू दे.’

मी इथल्या शाळेत लागलो आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा आम्ही चौघंच होतो, मामा, मामी, मी आणि बायको. भानोलं पाच ठिकाणी फुटलं. मामा म्हणाले, ‘अजून एक येतोय.’ मी हसलो. एवढ्यात शेजारचे तात्या दारात उभे. एसटीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांचा गॅस संपला होता. ‘वाईच पीठ मिळेल का, चुलीवर भाकरी टाकतो,’ असं म्हणत आले ते पाचवा तुकडा खाऊन गेले, आणि त्यानंतर एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. गॅस असला तरी.

मी म्हटलं योगायोग. मामा म्हणाले, ‘म्हणा. तुमच्या घाटावर भरतीला पण योगायोग म्हणत असतील.’

पुढे आम्हाला मुलगी झाली, ती ताटावर बसायला लागली, आणि रविवारचा आकडा सहावर स्थिरावला. एका श्रावणातल्या रविवारी भानोलं नऊ ठिकाणी फुटलं. बाहेर धो धो पाऊस, पाखाडीवरून पाण्याचे लोट, आणि टिन बाहेर काढल्यावर लगेच वीजही गेलेली. अशा वेळी कोण येणार? मामींनी नऊ जणांचा भात टाकला. आम्ही त्या तीन मोकळ्या पाटांकडे बघत बसलो. तात्या म्हणाले, ‘माणसंच येणार ना पण?’ आणि कोणी हसलं नाही. साडेआठला पाखाडीवर बॅटरीचा उजेड दिसला. मामींच्या मावसबहिणीचं कुटुंब दापोलीहून राजापूरला निघालेलं, बस बदलायला रत्नागिरीत उतरलेलं, पुढची बस चुकलेली. नवरा, बायको आणि म्हातारी सासू. ओलेचिंब, काकडलेले. ‘फोन लागेना हो,’ ते सांगत होते. मामांनी त्यांना टॉवेल दिले आणि पाटाकडे बोट केलं. पाट मांडलेले, ताटं वाढलेली बघून ती म्हातारी जी घाबरली, ती पहिल्या पाच मिनिटांत तीन वेळा विचारती झाली, ‘आम्ही येणार हे कोणी सांगितलं?’

मग मी नाद घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला, वेळ लिहून ठेवली, बेसनाचं वजन केलं. भेगा का पडतात हे मला पक्कं माहीत होतं. वरचा थर आधी वाळतो, आतल्या वाफेला वाट हवी असते, ती मिळेल तिथून फोडते. त्यात काही गूढ नाही. पण वाफेला पाहुण्यांची संख्या कोण कळवतं, हे काही मला पुस्तकात सापडेना. मामा माझ्या वहीकडे बघून म्हणाले, ‘लिहा, जावईबापू. तुमचं यंत्र माणसं मोजायला लागलं की मलाही एक आणून द्या.’ त्याच रात्री भानोलं पाचात फुटलं. आम्ही सहा. मी हात धुऊन पाटावर बसतो आहे तोच मुख्याध्यापकांचा फोन. उद्या तपासणीला येणार आहेत, आत्ताच्या आत्ता या. मी उपाशीपोटी मोटारसायकल काढली. परत आलो तेव्हा माझ्यासाठी भात आणि लोणचं होतं, कारण पाच तुकड्यांतला सहावा येणार कुठून?

त्यानंतर मी वही बंद केली. घरातल्या सगळ्यांनाच एक सवय लागली. टिन बाहेर आला की बोलणं थांबायचं आणि प्रत्येक जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून भेगा मोजायचा. एक जास्त असली की दाराकडे बघायचं. कमी असली की एकमेकांकडे.

गेल्या पावसाळ्यात मामींना पाखाडी चढताना धाप लागायला लागली. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मधल्या पायरीवर टेकायच्या आणि कोणी दिसलं की साडीला चिखल लागलाय का ते बघितल्यासारखं करायच्या. मग एकदा तिथेच डोळ्यांसमोर अंधारी आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे. गोळ्या सुरू करू, तीन महिन्यांनी परत बघू, फरक पडला नाही तर ऑपरेशन. आणि तोवर तेल, नारळ, तळलेलं, सगळं बंद.

तो रविवार मला तासातासाने आठवतो. मामा म्हणत होते, आज भानोलं नको. मामी ऐकेनात. ‘माझ्यामुळे सगळ्यांचं तोंड कशाला बांधायचं? तुम्ही कालवा, मी थापते.’ मामांनी कालवलं, मामींनी थापलं. दिवे मालवले. आत टिक् टिक् झालं. मामांनी टिन बाहेर काढला, आणि आम्ही सगळ्यांनी मोजलं.

पाच.

आम्ही सहा जण होतो. बाहेर कोणी जायचं नव्हतं. मी खिशातून फोन काढून बघितला. त्या मुख्याध्यापकांची इतकी आतुरतेने वाट मी जन्मात कधी पाहिली नव्हती. फोन वाजला नाही. तात्या एकदम उठले. ‘मी जातो,’ म्हणाले, ‘माझा आज उपास आहे.’ त्यांच्या हातात कोलंबीच्या रश्शाची वाटी होती, अर्धी प्यालेली. बायको म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, मी नुसतं ताक घेते. मी म्हणालो, मला शाळेत काम आहे. रविवारी रात्री शाळेत कसलं काम, हे मला कोणी विचारलं नाही. सहातला तो न जेवणारा एक आपण व्हावं म्हणून आम्ही मोठी माणसं एकमेकांवर कडी करत होतो, आणि कोणीही मामींकडे बघत नव्हतं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, फळीवरचा मोठा डाव ओढला, सुतळीसकट, आणि त्या भानोल्यात खुपसला. भेगा, तुकडे, सगळं ढवळून त्याचा चुरा केला. ‘आज असंच खायचं,’ ते म्हणाले. ‘जहाजावर असंच खातात.’

मामी मात्र शांत होत्या. त्यांनी सगळ्यांना बसवलं, तात्यांना हाताला धरून बसवलं. चुरा वाढला. स्वतः वरण-भात कालवून जेवल्या आणि म्हणाल्या, ‘चव छान आली असणार, वास येतोय.’ मी ताटातला चुरा चिवडत होतो. मनात एकच चाललं होतं, तीन महिने.

पुढच्या रविवारपासून मामांनी भानोलं हलकं करायला घेतलं. आम्हाला सांगितलं की मामींनाही खाता यावं म्हणून. पहिल्यांदा त्यांनी तेल आणि नारळ दोन्ही काढून टाकलं. जे बाहेर आलं त्यावर सुरी चालेना. तात्या म्हणाले, असल्या चार चिऱ्यांत कुंपणाचा गडगा उभा राहील. दुसऱ्या वेळी दुधी घातला, तर भानोलं टिनमधून वाटीत ओतून प्यावं लागलं. तिसऱ्या वेळी बेसनाऐवजी भाकरीचं पीठ, चौथ्या वेळी नुसता कोबी. आम्ही तोंड वाकडं न करता खात होतो. इतका सज्जनपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या जेवणाला दाखवलेला नाही. शेवटी मामांना जमलं. मुगाची डाळ भिजवून वाटायची आणि हाताने इतकी फेसायची की तिचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. त्यात ताक, कोबी, आलं-मिरची, भरपूर कोथिंबीर आणि मोजकी कोलंबी. टिनला नारळाच्या शेंडीने चमचाभर तेल पुसायचं, बस. आणि ओव्हनमध्ये टिनशेजारी पाण्याची वाटी. हे भानोलं फुगायचं, मऊ लुसलुशीत व्हायचं, चव वेगळी पण खरोखर चांगली. वर एक भेग नाही. लहान बाळाच्या गालासारखं गुळगुळीत.

ती पाण्याची वाटी बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओव्हनमध्ये वाफ कोंडली की वरचा थर वाळत नाही. वाळला नाही की फुटत नाही. मामा पडवीत एकटे होते तेव्हा मी विचारलं, ‘मामा, ते पाणी हलकं करायला नाही ना ठेवत?’

त्यांनी खाडीकडे तोंड वळवलं. ओहोटी होती. ‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘आजवर मी तिथे कान लावून बसलो, कारण मला आधी कळायला हवं होतं. आता मला कळून घ्यायचं नाही. तिला खाता यावं हे तर आहेच, पण फुटू नये म्हणून मी ते हलकं केलं. त्याने काही सांगायचंच नाही. काय समजलात? पंचवीस ताटांचा स्वयंपाक एकदा केला, परत नाही करायचा.’ आणि उठून गाठी तपासायला गेले. मला रडू आलं. मी घाटावरचा माणूस, आम्हाला एरवी मिरचीनेसुद्धा डोळ्यांत पाणी येत नाही.

दोन महिने उलटून गेले असतील. एका रविवारी मामा बोटी बघायला मिऱ्या बंदराकडे गेले होते, यायला उशीर होणार म्हणून सगळं आधीच कालवून ठेवलेलं. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मामींनी मिश्रण टिनमध्ये ओतलेलं, आणि तेलाचं बोट लावलेली सुरी घेऊन त्या वर रेघा ओढत होत्या. कडेपासून मधोमध. रेघ ओढली की सैल पीठ लगेच मिटत होतं. त्या परत ओढत होत्या.

‘आता राहत नाही हो रेघ,’ त्या मला म्हणाल्या, भाजी महाग झाली म्हणावं तशा.

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. ‘मामी, म्हणजे इतकी वर्षं…’

‘आमच्या माहेरी आधीच रेघा घालतात. घरात जितकी पानं तितक्या. आतपर्यंत भाजलं जातं आणि तुकडे सारखे पडतात. वरून तेल सोडलं की रेघ दिसत नाही, भाजल्यावर तिथेच फुटतं. हे बोट सोडून कायमचे घरी आले तेव्हा भानोलं फुटलेलं बघून म्हणाले, अगं, याला माहितीये आपण किती ते. इतके खूश झाले. मग कसं सांगायचं? सगळे फोन तर मलाच येतात. तात्यांचा सिलिंडर रिकामा वाजताना मी दुपारीच ऐकला होता. तुमच्या शाळेचा शिपाई संध्याकाळीच निरोप देऊन गेला होता, साहेबांची सभा आहे म्हणून. तुम्हाला सांगायचं राहिलं माझ्याकडून.’

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी खुर्चीवर बसून हसायलाच लागलो. विज्ञान जिंकलं होतं. ‘आणि त्या पाच रेघा? त्या रविवारच्या?’

‘मला वर्ज्य ना. खाणारे पाचच. सहावा तुकडा वाया कशाला घालवू?’

झालं. एवढंच होतं. तो वरण-भात माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी स्वतःला मनात चार शिव्या घातल्या. मामांना आत्ताच्या आत्ता सांगायचं म्हणून मी उठलो, आणि उठता उठता काहीतरी आठवलं म्हणून विचारलं, ‘दापोलीहून आलेली मंडळी? त्यांचा तर फोन लागला नव्हता.’

मामींनी सुरी पुसली. ‘नाही. फोन नव्हता आला.’

‘मग नऊ रेघा कशा घातल्यात?’

‘मला आपलं वाटलं.’

बाहेर पाखाडीवर मामांची पावलं ऐकू येत होती. मामी टिनकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, ‘ह्यांना सांगू नका. आणि खरं सांगू का? त्या रविवारी मी सहाच घालणार होते. सवयच आहे हाताला. हात पाचावर थांबला. मग मी म्हटलं, बरोबर, आपल्याला वर्ज्य आहे ना, म्हणून थांबला असेल.’ त्या हसल्या. ‘तसंच असेल, नाही?’

मी म्हणालो, ‘तसंच आहे, मामी.’ दुसरं काय म्हणणार होतो? वर्गात मी याहून लहान प्रश्नांना याहून मोठी उत्तरं देतो.

मामांना मी सांगितलं नाही. निम्मं सांगितलं असतं तर ते सुटले असते, पण मग त्यांनी दापोलीचं विचारलं असतंच. तीन महिने झाले, डॉक्टरांनी परत तपासलं. गोळ्यांचा उपयोग होतोय म्हणाले, ऑपरेशन तूर्त नको, तेल-नारळ मात्र नकोच, आणखी सहा महिन्यांनी बघू. मामी आता पाखाडी दोनदा टेकून चढतात आणि साडीचा चिखल बघत नाहीत, सरळ म्हणतात, दमले.

रविवारचं जेवण आता फार गैरशिस्त झालं आहे. दिवे चालू असतात, सगळे मोठ्याने बोलतात, भात अंदाजाने पडतो. कधी उरतो आणि सोमवारी फोडणी घालून संपवावा लागतो. मध्यंतरी तात्यांचा भाचा आणि त्याचे दोन मित्र न सांगता आले तेव्हा भात साफ कमी पडला, मामी ओशाळल्या, आणि मामा मात्र सगळ्या घरभर सांगत सुटले, ‘कमी पडला, आज भात कमी पडला,’ घरी पाळणा हलल्यासारखे. स्वतः पोहे खाऊन झोपले.

भानोलं बाहेर येतं ते गुळगुळीत. मामा सुरी हातात घेऊन उभे राहतात आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारतात, ‘किती जण आहोत?’ मामी बोटांवर मोजतात. ‘तात्या, जावईबापू, तुमची भाची, आपली चिमणी, आणि तुम्ही. पाच.’ दर रविवारी पाचच. बायका पानं मोजताना स्वतःला धरत नाहीत, माझी आईसुद्धा कधी धरायची नाही, त्यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला समजावतो. पण तो आकडा ऐकल्यावर सुरी टिनवर थांबलेली असते तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.

मग मामा म्हणतात, ‘आणि तू.’

‘अगोबाई, हो. मी राहिलेच की,’ मामी म्हणतात.

मामा सहा तुकडे करतात. रेघ नसल्यामुळे वेडेवाकडे होतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा मामींच्या ताटात पडतो. पूर्वी त्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या. आता त्या पहिला घास घेत नाहीत तोवर आम्ही कोणी ताटाला हात लावत नाही.